आखाडात खाल्लेला बाप

मला लोक सांगतात, माफ करून टाका मॅडम, मनावरचं ओझं उतरतं. माझ्या मनावर कसलंही ओझं नाही. मी एका माणसावर सूड उगवला, नीट विचार करून उगवला, आणि त्या दिवशी शिवाजी पेठेतल्या घरी येऊन अशी गाढ झोपले की आई दोनदा कपाळाला हात लावून बघून गेली.

मी जनावरांची डॉक्टर. पण सुई टोचणारी नव्हे. जनावरांच्या अंगातला कुठला गुण कुठून येतो, आईकडून की बापाकडून, आणि गुणसूत्रांच्या कुठल्या तुकड्यावरून, हे शोधणारी. आमचं केंद्र शाहूवाडीच्या रस्त्यावर आहे, ऊस संपून डोंगर सुरू होतो तिथं. शेतकऱ्यांनीच मिळून काढलेली संस्था, वर संचालक मंडळ, आणि खाली आमचा केंद्रप्रमुख. त्याला सगळे साहेब म्हणायचे. मीही म्हणायचे. तोंडावर अहो आणि मनात अरे, अशी माझी त्याच्याशी दहा वर्षं गेली. इथं लिहिताना मी मनातलंच वापरणार आहे.

त्या डोंगरात काळी, बुटकी शेळी असते. दिसायला काही नाही. पण पावसाळ्यात भाताच्या बांधावर चरून पोटात जंत गेले तरी ती टुणटुणीत असते. बाहेरून आणलेल्या उंच, लांब कानांच्या शेळ्या त्याच बांधावर एका पावसाळ्यात आडव्या होतात. जंत जठराला चिकटतो आणि रक्त पितो. खालची पापणी उलटून बघितली तर आतलं अंग कागदासारखं पांढरं दिसतं, आणि मग चार दिवसांत खेळ खलास. उंच शेळी वजनाला भारी म्हणून बाया हौसेनं आणतात आणि पावसाळ्यात तिच्या उशाशी बसून रडतात. मला एवढंच शोधायचं होतं की काळीच्या अंगातली ही ताकद नेमकी कुठल्या तुकड्यावर बसलीय. ते कळलं की उंच शेळीत तेवढीच आणता येते, वजन-उंची तशीच ठेवून.

आता असा तुकडा काही चिमट्यानं उचलून बघता येत नाही. त्यासाठी कळप रचावा लागतो. काळी शेळी आणि उंच बोकड यांचं करडू घ्यायचं. त्याच्या अंगात दोन माळा असतात, समजा, आईकडून काळ्या मण्यांची आणि बापाकडून पांढऱ्या. ते करडू वाढून बोकड झालं की त्याला नुसत्या उंच शेळ्या दाखवायच्या. तो प्रत्येक पिल्लाला एकच माळ देतो, पण ती अखंड नसते. इथवर काळी, तिथून पुढं पांढरी, अशी तोडून जोडलेली, आणि दर पिल्लाची तोड निराळी. आईकडून मात्र सगळ्यांना पांढरीच. मग पिल्लांना मापून जंत पाजायचे, त्यांच्या लेंड्या सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या, पापण्या उलटायच्या. जी तगली त्यांच्यातल्या बहुतेकांच्या माळेत जिथं काळे मणी सारखे सापडतात, तिथं ती ताकद. झालं. आमचं सगळं शास्त्र एवढंच आहे, बाकी नुसती हमाली.

म्हणून पिल्लं भरपूर आणि बाप एक. हे साहेबाला कधी पटलं नाही. दर बैठकीत तो म्हणायचा, "मॅडम, एकाच बोकडाच्या जिवावर एवढा डोलारा? चार बोकड घ्या की. बोकडाला काय तोटा हाय?"

मी सांगायचे की चार बाप घेतले तर प्रत्येकाची पिल्लं मूठभर होतील, आणि मूठभर पिल्लांत काही दिसत नाही. तो मान हलवायचा आणि बाकीच्यांना डोळा मारायचा. बोकडाला स्वतंत्र गोठा, स्वतंत्र चारा, गावातल्या कुणाची शेळी माजावर आली तरी त्याच्याजवळ फिरकू द्यायची नाही, असे माझे नियम. केंद्रातले लोक त्याला मॅडमचा जावई म्हणत. "जावयबापूंनी खाल्लं काय?" असं मला रोज सकाळी विचारायचे. मला राग यायचा नाही. खरंच जावयासारखाच होता तो, जागेवर पाय आपटून मागायचा आणि मिळालं की तोंड फिरवायचा. कपाळावर पांढरा टिळा, एक शिंग किंचित आत वळलेलं. मी गेले की शिंगानं माझा खिसा चाचपायचा, कारण खिशात मका असायचा.

मी साहेबाला सांगितलं होतं, याचं वीर्य गोठवून ठेवूया, उद्या काही झालं तर. त्याला थंड ठेवायचं भांडं लागतं, ते केंद्रात होतं. साहेब म्हणाला, "ते भांडं म्हशींच्या योजनेचं हाय. आणि बोकड काय आजच मरतोय काय?"

पहिल्या वर्षीची पिल्लं झाली, जंत पाजून झाले, पापण्या उलटून झाल्या. एका गुणसूत्राच्या एका टोकाला काहीतरी डोकं वर काढत होतं. पण अजून नक्की नव्हतं. गल्ली कळली होती, घर कळत नव्हतं. त्यासाठी त्याच बापाची तेवढीच पिल्लं पुन्हा लागणार होती. पावसात शेळ्या माजावर येतात. आखाड संपला की जावयाला पुन्हा शेळ्या दाखवायच्या, असं ठरलं होतं. दुसरा बोकड चालला नसता, त्याचा भाऊसुद्धा नाही, कारण दुसऱ्या बोकडाच्या माळा दुसऱ्या. सगळं पहिल्यापासून मांडायला लागलं असतं, आणि तेवढी वर्षं आम्हाला कुणी देणार नव्हतं.

आणि आखाड आला.

कोल्हापुरात आखाड म्हणजे काय हे मी कोल्हापूरकराला सांगायला नको, बाहेरच्याला सांगते. श्रावणात बऱ्याच घरी मटण बंद. त्यामुळं आधीच्या महिन्यात माणसं अशी खातात की जणू पुढं जन्मभर मिळणार नाही. पाहुणे बोलवायचे, बोकड पडायचा, तांबडा-पांढरा रस्सा वाट्या वाट्या प्यायचा. साहेबाच्या मळ्यावर दर आखाडात एका रविवारी संचालकांना जेवण असायचं. आचारी असायचा, पण तो नुसता कांदा चिरायला. पातेल्यापाशी साहेब स्वतः. टॉवेल खांद्यावर, हातात पळी, घाम पुसत. पांढरा रस्सा तर त्याच्या हातचाच, त्यात दुसऱ्यानं मीठसुद्धा टाकायचं नाही. केंद्रात या माणसाला एक कागद धड लिहिता यायचा नाही, पण रश्श्यात त्याला कुणी बोट दाखवलं नव्हतं. त्याला जगात एकाच गोष्टीचा खरा अभिमान होता, आणि ती गोष्ट पातेल्यात होती.

त्या वर्षी मलाही बोलावणं होतं. मला जरा नवल वाटलं, कारण एरवी बायकांना त्या पंगतीत बोलवत नसत. मी गेले. बाहेर भुरभुर पाऊस, आत पंगत. साहेब वाढायला स्वतः आला. माझ्या ताटापाशी थांबला, पातेल्यात पळी फिरवली आणि मगजाची एक जाड नळी काढून माझ्या ताटात ठेवली.

"घ्या मॅडम, तुमच्यासाठी खास."

आणि हसला. ते हसू मला तेव्हा पाहुणचाराचं वाटलं.

मटण कसं होतं? खोटं कशाला बोलू. अप्रतिम होतं. मी पेठेतली, बुधवार-रविवार मटणावर वाढलेली, मला कळतं. मऊ, मुरलेलं, मसाला आतपर्यंत गेलेला. मी नळी चोखली. रस्सा दोनदा मागून घेतला. "झक्कास झालंय साहेब," असं मी, माझ्या तोंडानं, सगळ्यांसमोर म्हणाले. मग "कुत्र्याला नेते" असं साहेबाला सांगून ताटातली हाडं पिशवीत घातली आणि स्कूटरच्या डिकीत टाकली. आमच्याकडं कुत्रं आहे, त्याला आखाडात आमच्यापेक्षा जास्त पाहुणचार.

सोमवारी सकाळी केंद्रात गेले तर जावयाचा गोठा रिकामा.

दाराला बाहेरून कडी. आत रक्ताचा थेंब नाही, खूर घासल्याची खूण नाही. चारा अर्धा खाल्लेला. मी ओरडत साहेबाच्या खोलीत गेले. तो चहा पीत होता. त्याचा ड्रायव्हर भिंतीला टेकून उभा होता.

"लई वाईट झालं मॅडम," साहेब म्हणाला. "बिबट्यानं न्हेला."

"बिबट्यानं?"

"शनिवारच्या रात्री. उसातनं येतोय न्हवं तो. इचारा की ह्याला."

ड्रायव्हरनं जमिनीकडं बघून मान हलवली.

मी म्हणाले, "साहेब, बिबट्या भलताच शिस्तीचा दिसतोय. जाताना कडी लावून गेला."

साहेबानं बशीत चहा ओतला. "कडी ह्यानं लावली, सकाळी. आता बोकडच न्हाय म्हटल्यावर कडीचं काय घिऊन बसलाय? दुसरा आणू की. मी सांगतो मंडळाला."

आणि तो हसला. तेच हसू. पाहुणचाराचं.

तोंडात ती नळी आली. शप्पथ सांगते, चव आली तोंडात. मी बाहेर आले, गोठ्यामागं जाऊन ओकले, तोंड धुतलं आणि मग मला रात्री घरी आईच्या हातात दिलेली पिशवी आठवली.

स्कूटर कशी चालवली मला आठवत नाही. बांबवड्यापासून पुढं पाऊस होता एवढं कळलं. घरी आले तर आईनं पिशवी सोडलेली, आणि कुत्रं खाटेखाली नळी घेऊन बसलेलं. मी खाटेखाली शिरले. त्या कुत्र्याला मी पिल्लू असल्यापासून सांभाळलंय, पण त्या दिवशी ते मला फाडून खायला निघालं. एका बाजूनं मी, एका बाजूनं ते, मधे नळी. आई किंचाळत होती, "अगं, भूक लागलीया तर करून वाढते की!" शेवटी नळी माझ्या हातात आली आणि त्याचे दात माझ्या मनगटात. कुत्र्यानं पुढं महिनाभर माझ्याकडं पाठ करून जेवण घेतलं.

मी वर मंडळाला कळवलं, की बोकड बिबट्यानं नेलेला नाही, चौकशी करा. चौकशी करायला कुणाला सांगितलं? साहेबाला. आमच्याकडं चोरालाच राखण देतात. आणि त्याच आठवड्यात डीप फ्रीजमधली बोकडाच्या रक्ताची कुपी सापडेनाशी झाली. फ्रीजची किल्ली दोघांकडंच होती, एक माझ्याकडं, एक साहेबाकडं. साहेब बैठकीत मला म्हणाला, "मॅडम, तुमच्याच ताब्यातलं रगात तुम्हाला सांभाळता येत न्हाय, आणि तुम्ही बोकडाचं मला इचारताय?" सगळे हसले. मी दात-ओठ खाऊन खाली बसले.

त्याला वाटलं संपलं. बाप खाल्ला, बापाचं रक्त लपवलं, आता काय राहिलं? दहा वर्षं बैठकीत डोळे मारण्याऐवजी एकदा जरी त्यानं कान दिला असता, तर त्याला कळलं असतं की काय राहिलं. पिल्लं राहिली होती. सगळा गोठा भरून पिल्लं, आणि प्रत्येकात अर्धा बाप. आईची माळ कुठली हे आम्हाला माहीत होतं. पिल्लाच्या अंगातून आईचं वजा केलं की उरतं ते बापाचं. एका पिल्लात बापाचा हा मणी, दुसऱ्यात तो. सगळी पिल्लं एकापुढं एक ठेवली की बापाच्या दोन्ही माळा मण्यामण्यानं पुन्हा ओवता येतात. बाप हयात असायला लागत नाही. त्याचं रक्तही लागत नाही. मी कळप असा रचला होता की बाप त्यातून पुसताच येऊ नये.

मी ओवत बसले. रोज. केंद्रात मी गोड वागायला लागले. साहेबाला नमस्कार करायचे, त्याच्या नातवाच्या बारशाला पाळण्याची खेळणी घेऊन गेले. आई म्हणाली, "तू गप्प बसलीस की मला भ्या वाटतंय." वाटायलाच पाहिजे. आमच्या पेठेत ओरडणाऱ्या माणसाला कुणी भीत नाही.

नळी मी बंगळूरच्या एका मैत्रिणीकडं पाठवली. शिजलेलं हाड, त्यात दह्या-मसाल्याचा मारा, वरून कुत्र्याची लाळ. तिनं फोनवर मला चार शिव्या घातल्या. पण वरचं सगळं खरवडून आतल्या टणक भागाची भुकटी घेतली, आणि दोनदा फसल्यावर तिसऱ्यांदा तिला मणी वाचता आले. सगळे नाही, पण पुरे एवढे. मी ओवलेल्या माळांशेजारी ठेवले. जुळले. वाचता आला त्या प्रत्येक ठिकाणी, दोन्ही बाजूंनी. त्याचं पोर असतं तर एका बाजूनं जुळलं असतं, दुसऱ्या बाजूनं कुठंतरी चुकलंच असतं. तो तोच होता. मी त्याला ओळखलं, आणि मी त्याला खाल्लं होतं.

हे घेऊन कुणाकडं जायचं? सगळे कागद साहेबाच्या टेबलावरून वर जायचे. शिवाय मला कागद नको होता. मला त्याच्या तोंडून पाहिजे होतं. चार माणसांत, मोठ्यानं, की होय, मी कापला आणि मी या बाईला वाढला. त्याहून कमी कशालाही मी तयार नव्हते.

पुढच्या आखाडात साहेब निवृत्त होणार होता. केंद्राच्या हॉलमध्ये निरोप समारंभ, मग जेवण. जेवणात संचालक त्याला सल्लागार म्हणून कायमचा ठेवून घेणार, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे हा माणूस माझ्या उरावर आणखी किती वर्षं बसणार याला अंत नव्हता. कार्यक्रमात जेवणाआधी शेळ्यांच्या प्रकल्पाची थोडक्यात माहिती मी द्यायची होती. साहेबानंच सुचवलं होतं. त्याला त्याच्या कारकिर्दीचं कौतुक हवं होतं.

तो फेटा बांधून, हार घालून पुढं बसला होता. बाहेर मांडवात पातेली. सकाळपासून तो स्वतः पळी घेऊन उभा होता, फेटा बांधायला तेवढा आत आला होता. हॉलमध्ये रश्श्याचा वास भरलेला. संचालकांतले सगळ्यात थोरले, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो, ते पहिल्या रांगेत काठीवर हनुवटी ठेवून बसले होते.

मी पडद्यावर जावयाचा फोटो लावला. मग त्याची पिल्लं. मग मण्यांच्या माळा समजावल्या. आबा मान हलवत होते. मग सांगितलं की हा बोकड गेला, त्याचं रक्तही गेलं, पण पिल्लांतून आम्ही तो पुन्हा उभा केला. टाळ्या पडल्या. साहेबानंही वाजवल्या.

"आणि हा आणखी एक नमुना," मी म्हणाले. "हाड. याच बोकडाचं. हे मला गेल्या आखाडात साहेबांच्या मळ्यावर, माझ्या ताटात मिळालं."

कुणीतरी खाकरलं. एक संचालक हळूच म्हणाला, "म्हंजे त्यो परयोगाचा बोकड आमी...? त्याला जंतबिंत पाजलंतं काय?"

पाजले होते पिल्लांना, बापाला नाही. पण मी जरा थांबून एवढंच म्हणाले, "माणसाला शक्यतो होत नाहीत."

साहेब काही कच्चा नव्हता. तो मोठ्यानं हसला. "काय मॅडम! डिकीतलं हाड, कुत्र्याच्या तोंडातलं हाड, कुठलं हाड कुठं जोडताय? बिबट्यानं न्हेला त्यो बोकड. आज माझा निरोप हाय, चेष्टा बास की आता."

आणि लोकही हसले. त्याच्याबरोबर. मला माहीत होतं हसणार. हाडाला, मण्यांना, शास्त्राला तो कधीच बधला नसता. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही. मी वर्षभर माळा ओवल्या, पण फास तिथं टाकायचा नव्हता.

मी हात जोडले. "बरोबर आहे साहेब. माझंच चुकलं असेल. मलाही शंका होतीच. कारण त्या दिवशीच्या मटणाला वास होता. उग्र, आंडील बोकडाचा. पांढऱ्या रश्श्यालासुद्धा मारत होता. तुमच्या हातचं असं व्हायचं नाही. ते आचाऱ्यानंच केलं असणार."

आंडील म्हणजे खच्ची न केलेला, पैदाशीचा. त्याच्या मटणाला एक दर्प असतो, आणि कोल्हापुरात पाहुण्याला ते वाढणं म्हणजे पाहुण्याच्या तोंडात मारणं. साहेबाचं हसू जागच्या जागी थांबलं.

आबांनी काठीवरून हनुवटी उचलली. "व्हय की," ते म्हणाले. "मलाबी आलता वास. म्हटलं, मोठ्या माणसाच्या घरी कशाला बोला."

"आलता, आलता," मागून एक जण. "मी तर रस्सा ठेवला तसाच."

बघता बघता सगळ्या हॉलला वास आठवला. वर्षभर कुणाला आला नव्हता. कुणालाच आला नव्हता, कारण नव्हताच. पण मटणातलं आपल्याला कळलं नाही असं चारचौघांत कोल्हापूरकर कसा कबूल करेल?

साहेब उठला. चेहरा तांबड्या रश्श्यासारखा झालेला. "वास? कुणाला वास आला? आबा, तुम्ही तीन वाट्या प्यालात!"

"प्यालो, पण वास हुता," आबा शांतपणे म्हणाले.

"कसा येईल वास? आदल्या सांजेला कापून मी सोता धा पाण्यानं धुतला, रातभर दह्यात मुरवला, आल्या-लसणाचं वाटण चोळून ठेवलं! आंडील असला म्हणून काय झालं, माझ्या हातनं गेलेल्या बोकडाला वास येतोय व्हय? न्हाय म्हणायचं धाडस हाय कुणात? ह्या मॅडमला इचारा की! समोर उभ्या हायत! दोनदा मागून घेतला रस्सा ह्यांनी! नळी मी माझ्या हातानं वाढली, चोखून खाल्ली, झक्कास म्हणल्या! इचारा!"

त्याचं त्यालाच कळलं नाही आपण काय बोललो. मग कळलं. पळी नसलेला हात तसाच वर राहिला.

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. ही गोष्ट मी मोजली नव्हती. मी त्याला उघडं पाडायला निघाले होते, आणि त्यानं पडता पडता मला धरलं. वर्षभर जे मी आईलाही सांगितलं नव्हतं, ते भरल्या हॉलमध्ये फेटा बांधून उभं होतं. माझे डोळे भरले. रागानं भरले, लाजेनं भरले, मला फरक करता येत नाही.

"व्हय," मी म्हणाले. "दोनदा घेतला. मला माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत होतं."

आबा काठी टेकत उठले. साहेबाकडं न बघता दाराकडं गेले आणि दारातून म्हणाले, "आखाडात बोकड मिळंना तर कोंबडी घालायची. पोरीचं वर्साचं काम कापून पंगत घालत न्हाईत. आणि तिलाच वाढत न्हाईत." बाकीचे त्यांच्यामागं. सल्लागाराचं कुणी नाव काढलं नाही. मांडवात पातेली भरलेली तशीच राहिली, वर पांढऱ्या रश्श्याला साय धरली. आखाडात, कोल्हापुरात, भरलं पातेलं. मी ते डोळे भरून बघितलं.

जावयाचा वंश पुढं चाललाय, पण ज्याच्यासाठी एवढं केलं ते घर अजून सापडलेलं नाही. गल्लीतच उभी आहे मी. आता मंडळानं वर्षं वाढवून दिलीत म्हणून नव्या बोकडापासून पुन्हा मांडतेय, आणि दर पावसाळ्यात डोंगरातल्या बाया मला विचारतात, झालं काय वो तुमचं? उंच शेळ्या अजून मरतात. हे साहेबाच्या नावावर आहे, आणि हे मी कधी सोडणार नाही.

त्या दिवशी हॉल रिकामा झाल्यावर मी गोठ्यात गेले होते. पिल्लांच्या पापण्या उलटून बघत होते. साहेब मागून आला. फेटा काखेत, हार कुठंतरी काढून टाकलेला. मला वाटलं आता माफी मागतोय, किंवा हात उगारतोय. दोन्हीची माझी तयारी होती.

"मॅडम," तो म्हणाला, अगदी हळू. "एक खरं सांगा. वास आलता काय?"

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. बोकडासाठी नव्हतं, माझ्यासाठी नव्हतं. आयुष्यात त्याच्याकडं तेवढं एकच होतं आणि ते माझ्या हातात होतं. एक शब्द, आणि तो सुटला असता.

मी पिल्लाची पापणी सोडली, उठले आणि त्याच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "आलता की."

म्हणतात, त्यानंतर त्यानं पातेल्याला हात लावलेला नाही. आखाडात त्याच्या मळ्यावर चूल पेटत नाही. मी खोटं बोलले. पुन्हा विचारलं तर पुन्हा हेच सांगेन.